'सज्जता' आधी मोजता येते काय? : कृत्रिम श्वसनयंत्रावरून रुग्णास सोडविण्याच्या निकषांची चिकित्सा

सारांश

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण स्वतः श्वास घेण्यास सज्ज झाला आहे की नाही, हे ठरविण्यासाठी वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत अनेक निकष पुढे आणले. त्यांपैकी यांग आणि टोबिन यांनी १९९१ मध्ये मांडलेला 'उथळ-जलद श्वसन निर्देशांक' सर्वाधिक प्रसिद्ध आहे. प्रस्तुत लेखात या निर्देशांकाची मूळ मांडणी, तिच्यातील आकड्यांचा खरा अर्थ आणि पुढील काळात तिचा झालेला वापर यांची चिकित्सा केली आहे. सज्जता हा रुग्णाच्या ठिकाणी आधीच असलेला व बाहेरून वाचता येणारा गुण नसून ती प्रत्यक्ष परीक्षेतच कळते, निर्देशांकाचे काम ही परीक्षा लवकर घेण्याची आठवण करून देण्यापुरते आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : व्हेंटिलेटर, सज्जता, उथळ-जलद श्वसन निर्देशांक, स्वयंश्वसन चाचणी, पूर्वसंभाव्यता.

१. प्रस्तावना

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना जगविण्यासाठी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून त्यांच्या श्वासनलिकेत नळी बसविण्यात आली आणि सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशव्या हाताने दाबत त्यांना श्वास पुरविला. आधुनिक अतिदक्षता विभागाचा प्रारंभ सर्वसाधारणपणे या घटनेपासून मानला जातो. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली. यंत्र थकत नाही, पाळी बदलत नाही, हा त्याचा मोठाच गुण होय. परंतु पिशवी दाबणाऱ्या हाताला रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न जाणवू शकत होता. यंत्र आल्यावर तो प्रयत्न आकड्यांतून वाचण्याची वेळ आली. रुग्णाला यंत्राची गरज केव्हा संपली, हा प्रश्न अशा रीतीने मोजमापाचा प्रश्न बनला.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. नळी लवकर काढली आणि रुग्णाला श्वास पेलवला नाही, तर ती पुन्हा घालावी लागते. एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नळी पुन्हा घालावी लागलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के रुग्णालयातच दगावले, तर जे सुखरूप सुटले त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के होते. उलटपक्षी नळी गरजेपेक्षा अधिक काळ ठेवली, तर फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, गुंगीच्या औषधांचे दुष्परिणाम आणि श्वसनस्नायूंची झीज यांचा धोका दिवसागणिक वाढतो. खर्चही वाढतो, आणि आपल्याकडे तो बहुधा कुटुंबाच्या खिशातून होतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकांचा 'आज काढणार का?' हा रोजचा प्रश्न म्हणूनच केवळ भावनेचा नसतो.

प्रस्तुत लेखक वैद्यक शाखेचा नाही. उपचार कसे करावेत हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही आणि तसा या लेखाचा हेतूही नाही. येथे चिकित्सा आहे ती एका अनुमानाची. अपुऱ्या पुराव्यावरून माणसाच्या सामर्थ्याविषयी निष्कर्ष काढण्याचे काम वैद्यकाप्रमाणेच अध्यापन, परीक्षण, निवड अशा अनेक क्षेत्रांत आपण सारेच करीत असतो. त्यामुळे या विषयातील तर्काची घडण तपासणे हे आंतरविद्याशाखीय दृष्टीने उपयुक्त ठरावे.

२. संज्ञेचा प्रश्न : दूध तोडणे की सुटका?

यंत्रावरून रुग्णाला काढण्याच्या प्रक्रियेला इंग्रजीत 'वीनिंग' हा शब्द रूढ आहे. त्याचा मूळ अर्थ मुलाचे अंगावरचे दूध तोडणे असा होतो. संज्ञा निरुपद्रवी वाटते, तथापि प्रत्येक रूपक आपल्यासोबत काही गृहीतके आणते. दूध तोडण्याच्या कल्पनेत तीन गृहीतके दडलेली आहेत : यंत्र हे पोषण करते, रुग्ण बालकाप्रमाणे त्याला चिकटलेला असतो, आणि ही सवय हळूहळूच सोडवावी लागते. यांपैकी तिसऱ्या गृहीतकाने वैद्यकीय व्यवहारावर दीर्घकाळ प्रभाव गाजविला. यंत्राने द्यावयाच्या श्वासांची संख्या रोज थोडी थोडी कमी करीत न्यावी, म्हणजे रुग्णाला 'सवय' होईल, ही पद्धत अनेक वर्षे सर्वमान्य होती.

१९८७ मध्ये हॉल आणि वुड यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील टिपणात 'वीनिंग'ऐवजी 'लिबरेशन' म्हणजे मुक्तता हा शब्द पुढे केला. ज्या आजारामुळे यंत्र लावले तो आजार बरा झाला की रुग्ण सुटतो. त्याला हळूहळू सवय लावण्याचा प्रश्न बहुतेकदा नसतोच, हा त्यामागील विचार होता. अमेरिकेतील दोन प्रमुख वैद्यकीय संघटनांनी २०१७ मध्ये एकत्रितपणे काढलेल्या मार्गदर्शक सूत्रांच्या शीर्षकातही हाच शब्द आहे. शब्द बदलल्याने दृष्टी बदलू शकते, याचे हे चांगले उदाहरण होय.

मराठीत मात्र दोन्ही शब्द अडचणीचे आहेत. 'मुक्ती', 'सुटका' हे शब्द आपण मृत्यूसाठीही वापरतो. दीर्घ आजारानंतर गेलेल्या माणसाविषयी 'सुटला बिचारा' असे सहज म्हटले जाते. 'व्हेंटिलेटर काढला' या वाक्याचा अर्थ तर सामान्य माणसाच्या मनात बहुधा 'आशा सोडली' असाच असतो. त्यामुळे डॉक्टर 'उद्या व्हेंटिलेटर काढून बघू' असे समाधानाने सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. रुग्ण सुधारला म्हणून यंत्र काढणे आणि उपाय उरला नाही म्हणून यंत्र काढणे, या परस्परविरुद्ध दोन गोष्टींना आपल्या बोलीत एकच क्रियापद आहे. प्रस्तुत लेखात म्हणूनच 'यंत्रावरून सोडविणे' असा शब्दप्रयोग केला असून, 'सज्जता' म्हणजे स्वतःच्या बळावर श्वास पेलण्याची क्षमता, असा अर्थ अभिप्रेत आहे.

३. १९९१ चा शोधनिबंध : मांडणी आणि आकडे

यांग आणि टोबिन यांचा शोधनिबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी रुग्णाची सज्जता ठरविण्यासाठी एका मिनिटात आत-बाहेर होणारी एकूण हवा, श्वास ओढण्याचा कमाल जोर इत्यादी मापे वापरली जात. पण त्यांवर विसंबता येत नाही असा अनुभव होता. लेखकद्वयाने अगदी साधी कल्पना मांडली. थकत चाललेला रुग्ण भरभर आणि उथळ श्वास घेतो. म्हणून मिनिटातील श्वासांच्या संख्येला एका श्वासातील हवेच्या लिटरमधील आकारमानाने भागावे. मिनिटाला २० श्वास आणि प्रत्येक श्वासात ०.४ लिटर हवा असेल, तर भागाकार ५० येतो. श्वास ३५ झाले आणि हवा ०.२५ लिटरवर आली, तर तो १४० होतो. रुग्णाला यंत्रापासून बाजूला करून, साध्या हवेत एक मिनिट श्वास घेऊ देऊन, हातात धरावयाच्या मापकाने ही मोजणी करता येते.

पद्धतीच्या दृष्टीने या निबंधाचे एक वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे. लेखकांनी प्रथम ३६ रुग्णांवरून सीमारेषा निश्चित केली आणि नंतर ती ६४ निराळ्या रुग्णांवर तपासून पाहिली. ज्या आकड्यांवरून नियम काढला त्याच आकड्यांवर तो सिद्ध झाल्याचे सांगण्याचा दोष येथे टाळलेला आहे. सीमारेषा १०५ ठरली. निर्देशांक १०५ पेक्षा अधिक असेल तर रुग्ण अयशस्वी होण्याची शक्यता मोठी, कमी असेल तर यशाची शक्यता अधिक. संवेदनशीलता ९७ टक्के आणि विशिष्टता ६४ टक्के आढळली. निर्देशांक अनुकूल असता यशाचे प्रमाण ७८ टक्के आणि प्रतिकूल असता अपयशाचे प्रमाण ९५ टक्के होते.

टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजली की चित्र स्पष्ट होते. ६४ पैकी ३६ जण यशस्वी झाले आणि २८ अयशस्वी. निर्देशांकाने ४५ जणांना सज्ज ठरविले. त्यांपैकी १० जणांना प्रत्यक्षात श्वास पेलवला नाही. १९ जणांना त्याने नाकारले. त्यांपैकी एकच जण यशस्वी झाला. म्हणजे नाकारताना हा निर्देशांक फार क्वचित चुकला, स्वीकारताना मात्र साडेचारात एकदा चुकला. मूळ निबंध इतकेच सांगतो. तो संयमित आहे आणि त्याचे यश निर्विवाद आहे. प्रश्न उपस्थित होतो तो त्याच्या पुढील वाचनाविषयी.

४. एकशे पाचचे पुढे काय झाले?

१०५ हा आकडा लवकरच पाठ्यपुस्तकांत आणि अतिदक्षता विभागांच्या तक्त्यांत जाऊन बसला. या प्रवासात तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट मोजणीविषयी. मूळ अभ्यासात रुग्ण यंत्राच्या साहाय्याविना श्वास घेत होता. पुढे अनेक ठिकाणी यंत्र दाबाचे साहाय्य देत असतानाच पडद्यावरील आकड्यांवरून भागाकार करण्याची पद्धत रूढ झाली. दाबाचे साहाय्य मिळाले की प्रत्येक श्वासातील हवा वाढते, श्वासांची संख्या घटते आणि भागाकार आपोआप खाली येतो. काठीच्या आधाराने चालणाऱ्याचा वेग मोजून तो काठीविना किती चालेल हे ठरविण्यासारखा हा प्रकार आहे. आकडा तोच राहिला. ज्याचे तो माप होता ती वस्तू बदलली.

दुसरी गोष्ट अनुमानाविषयी. 'निर्देशांक प्रतिकूल असेल तर अपयशाची शक्यता ९५ टक्के' हे विधान निर्देशांकाचा अंगभूत गुण असल्यासारखे उद्धृत होऊ लागले. वस्तुतः तो गुण निर्देशांक आणि ते ६४ रुग्ण यांच्या संयोगाचा आहे. त्या गटात चाचणीपूर्वीच यशाची संभाव्यता ५६ टक्के होती. आता समजा, असे १०० रुग्ण घेतले की त्यांतील ८५ जण मुळातच यशस्वी होण्याच्या स्थितीत आहेत. संवेदनशीलता आणि विशिष्टता तीच धरू. ८५ पैकी सुमारे ८२ जणांना निर्देशांक सज्ज ठरवील आणि दोन-तीन जणांना नाकारील. उरलेल्या १५ पैकी नऊ-दहा जणांना योग्य रीतीने नाकारील. म्हणजे नाकारलेल्या सुमारे १२ जणांपैकी दोन-तीन, साधारणतः पाचांतील एक, वास्तविक सुटू शकला असता. मूळ अभ्यासात हेच प्रमाण एकोणिसात एक होते. निर्देशांक तसूभरही न बदलता त्याच्या नकाराची विश्वासार्हता उतरली. संख्याशास्त्रात बेजच्या सिद्धांताच्या आधारे हे प्रथम वर्षापासून शिकविले जाते, तरीही व्यवहारात त्याचा विसर पडतो.

येथे टोबिन यांच्या भूमिकेची नोंद घेणे न्याय्य ठरेल. २००६ मध्ये जुब्रान यांच्यासमवेत लिहिलेल्या लेखात त्यांनी याच मुद्द्यावर भर दिला. नंतरच्या अभ्यासांत निर्देशांक कमकुवत ठरला याचे कारण तो मुळात वाईट आहे असे नसून, डॉक्टरांनी सज्ज मानलेल्या, म्हणजे उच्च पूर्वसंभाव्यतेच्या रुग्णांवर तो वापरला गेला, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या मते हा निर्देशांक चाळणीसारखा आहे. चाळणी प्रारंभीच लावावयाची असते, डॉक्टरांच्या मनात सुटकेचा विचार येण्याआधी. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. परंतु त्यातूनच निर्देशांकाची मर्यादाही सिद्ध होते. ज्याचा अर्थ लावण्यासाठी उत्तराचा बराचसा अंदाज आधीच असावा लागतो, तो आकडा एकट्याने निर्णय देऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट परिणामाविषयी. टॅनिओस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३०४ रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. दोन्ही गटांत निर्देशांक मोजला. एका गटात तो निर्णयासाठी वापरला आणि दुसऱ्यात वापरला नाही. जेथे तो वापरला तेथे यंत्रावरून सोडविण्यास लागलेला मध्यक काळ ३ दिवस होता, जेथे वापरला नाही तेथे २ दिवस. सज्ज रुग्ण लवकर ओळखले जावेत म्हणून शोधलेल्या मापाने प्रत्यक्षात एक दिवस वाढविला. उघडण्यासाठी बसविलेले दार अडविण्याच्या कामी येऊ लागले.

५. परीक्षा हाच पुरावा

या कोंडीतून मार्ग निघाला तो अधिक चांगला निर्देशांक सापडल्याने नव्हे. १९९५ मध्ये एस्तेबान आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५४६ रुग्ण होते. डॉक्टरांच्या मते ते यंत्रावरून सोडविण्याच्या स्थितीत आलेले होते. सर्वांना प्रथम दोन तासांची स्वयंश्वसन चाचणी देण्यात आली, म्हणजे नळी तशीच ठेवून रुग्णाला स्वतः श्वास घेऊ दिला. केवळ १३० जणांना त्रास झाला. उरलेले ४१६ पहिल्याच प्रयत्नात चाचणी पार करू शकले. त्यांच्यासाठी हळूहळू सवय लावण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

त्रास झालेल्या १३० जणांचे चार गट करण्यात आले. दिवसातून एकदा स्वयंश्वसन चाचणी दिलेल्यांची सुटका, यंत्राचे श्वास क्रमाने कमी केलेल्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेगाने आणि दाबाचे साहाय्य क्रमाने घटविलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने झाली. दूध तोडण्याच्या रूपकातील 'हळूहळू' या गृहीतकाला बसलेला हा जबर धक्का होता.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ईली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्याची रचना टीकाकाराच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. ३०० रुग्णांची रोज सकाळी पाच निकषांवर तपासणी होई : प्राणवायूची पातळी, यंत्राचा दाब, खोकल्याचा जोर, उथळ-जलद निर्देशांक, आणि रक्तदाबाची वा गुंगीची औषधे चालू नसणे. एका गटात तपासणी उत्तीर्ण होताच दोन तासांची स्वयंश्वसन चाचणी घेतली जाई आणि ती यशस्वी झाल्यास डॉक्टरांना कळविले जाई. दुसऱ्या गटात तपासणी तीच होती, पण पुढील चाचणी नाही आणि डॉक्टरांना निरोपही नाही. पहिल्या गटातील रुग्ण अधिक गंभीर असूनही त्यांचा यंत्रावरील मध्यक काळ ४.५ दिवस होता, दुसऱ्याचा ६ दिवस. गुंतागुंतीचे प्रमाण पहिल्यात २० टक्के, दुसऱ्यात ४१ टक्के. दोन्ही गटांच्या डॉक्टरांचे ज्ञान व कौशल्य सारखेच मानावयास हरकत नाही. फरक होता तो कोणीतरी रोज प्रश्न विचारण्याचा, परीक्षा घेण्याचा आणि उत्तर संबंधितांपर्यंत पोहोचविण्याचा. सज्जता रुग्णाच्या ठिकाणी होती. ती विचारली जात नव्हती.

यानंतरच्या अभ्यासांनी या सूत्राची व्याप्ती वाढविली. गुंगीची औषधे रोज थांबवून पाहणे आणि स्वयंश्वसन चाचणी यांची सांगड घालणारा जिरार्ड आणि सहकाऱ्यांचा ३३६ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाणही अधिक आढळले. २०१९ मध्ये स्पेनमधील १,१५३ रुग्णांच्या अभ्यासात दाबाच्या अल्प साहाय्याने घेतलेली ३० मिनिटांची सौम्य चाचणी, साहाय्याविना घेतलेल्या २ तासांच्या कठोर चाचणीपेक्षा सरस ठरली. यशाचे प्रमाण अनुक्रमे ८२.३ व ७४ टक्के होते. फ्रान्समधील टिल आणि सहकाऱ्यांच्या २०२२ मधील अभ्यासात मात्र नळी काढल्यानंतर अपयशाचा मोठा धोका असलेल्या रुग्णांत या दोन चाचण्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा परीक्षा किती कठीण असावी हा वाद संपलेला नाही. परीक्षा घ्यावी, आणि ती रोज घेण्याचा विचार व्हावा, यावर मात्र व्यापक सहमती आहे.

६. न दिसणारी चूक

मग डॉक्टर थांबतात का? याचे उत्तर दोन चुकांच्या असमान दृश्यतेत आहे. नळी काढली आणि रुग्ण धापा टाकू लागला, तर ती चूक सर्वांना दिसते. रात्रपाळीच्या डॉक्टरला धावावे लागते, नातेवाईक जाब विचारतात, नोंद होते. नळी दोन दिवस अधिक ठेवली, तर काहीच घडल्यासारखे दिसत नाही. चौथ्या दिवशी जंतुसंसर्ग झाला, तरी तो आजाराच्या खाती जमा होतो. जी चूक दिसते तिची भीती वाटते. जी दिसत नाही तिला आपण सावधगिरी म्हणतो.

ही सावधगिरी शरीराला मात्र महाग पडते. लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १४ मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाच्या स्नायूची तपासणी केली. केवळ १८ ते ६९ तास यंत्राने संपूर्ण श्वास पुरविला असता स्नायुतंतूंच्या छेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहून अधिक घटलेले आढळले. विश्रांतीने स्नायू ताजातवाना होईल ही आपली सहज समजूत येथे लागू पडत नाही. वाट पाहिल्याने सज्जता वाढेलच असे नाही. ती कमीही होऊ शकते. ज्या परीक्षेसाठी थांबावयाचे ती परीक्षा थांबण्यानेच कठीण होते.

आणखी एक वस्तुस्थिती विचारात घेण्याजोगी आहे. काही रुग्ण अर्धवट शुद्धीत स्वतःच नळी ओढून काढतात. ही अर्थातच धोकादायक दुर्घटना होय. तथापि अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना नळी पुन्हा घालावी लागत नाही, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे त्या क्षणी यंत्रावर असलेल्या या निम्म्या रुग्णांना यंत्राची गरज उरलेली नव्हती आणि ती उरलेली नाही हे कोणी ताडले नव्हते.

शिक्षणक्षेत्रातील आपणा सर्वांना परिचित असे एक उदाहरण येथे देता येईल. काही शाळा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या वाटणाऱ्या मुलांना नववीतच थांबवून ठेवतात. फलकावर शंभर टक्के झळकतात. थांबविलेल्यांपैकी किती जण उत्तीर्ण झाले असते, हे कधीच कळत नाही, कारण त्यांना परीक्षेलाच बसविलेले नसते. नळी पुन्हा घालावी लागण्याचे प्रमाण शून्य असल्याचा अभिमान बाळगणारा अतिदक्षता विभाग आणि अशी शाळा यांत तर्काच्या दृष्टीने अंतर नाही. शून्य अपयश हे उत्तम परीक्षणाचे लक्षण नसून, बहुधा परीक्षा उशिरा घेतली जात असल्याचे लक्षण असते.

७. काही आक्षेप

वरील प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, स्वयंश्वसन चाचणी ही देखील अखेर एक निकषच आहे आणि ती उत्तीर्ण झालेल्यांपैकीही काहींना पुन्हा यंत्र लागते. आक्षेप खरा आहे. चाचणीत नळी जागेवरच असते. नळी निघाल्यावर घशाला सूज आली किंवा कफ खोकून काढता आला नाही, तर श्वसनस्नायू समर्थ असूनही रुग्ण अडचणीत येतो. श्वास पेलणे आणि श्वासमार्ग मोकळा राखणे या दोन निराळ्या क्षमता आहेत. एकीची परीक्षा घेऊन दुसरीचे प्रमाणपत्र देता येत नाही. पण चाचणीत आणि निर्देशांकात एक मूलभूत भेद राहतोच. निर्देशांक चिन्हावरून कृतीचा तर्क करतो. चाचणी प्रत्यक्ष कृतीचा काही भाग घडवून पाहते.

दुसरा आक्षेप असा की, रोजच्या ठरावीक तपासणीमुळे वैद्यकीय निर्णय यांत्रिक होतो. टोबिन यांनीही ठोकळेबाज नियमावलींविषयी वेळोवेळी नापसंती दर्शविली आहे. अनुभवी तज्ज्ञ सतत रुग्णाशेजारी असेल, तेथे नियमावलीची गरज कमी भासेल हे मान्य. परंतु जिल्हा किंवा तालुका पातळीवरील रुग्णालयात, जेथे एकाच डॉक्टरवर अनेक खाटांची जबाबदारी असते आणि श्वसनोपचारतज्ज्ञ हे स्वतंत्र पद सर्वत्र आढळत नाही, तेथे रोज सकाळी विचारावयाचा ठरलेला प्रश्न हा विचाराला पर्याय नसून विचार सुरू करण्याचे साधन ठरेल. कोलेफ आणि सहकाऱ्यांच्या १९९७ मधील अभ्यासात परिचारिका व श्वसनोपचारतज्ज्ञांनी नियमावलीनुसार चालविलेली प्रक्रिया डॉक्टरांच्या मर्जीनुसार चालणाऱ्या प्रक्रियेपेक्षा लवकर पूर्ण झाली होती, हे येथे स्मरणीय आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. काही रुग्ण खरोखरच सज्ज नसतात, आणि त्यांची रोज परीक्षा घेणे हा छळ ठरू शकतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निवेदनात रुग्णांचे साधे, अवघड आणि प्रदीर्घ असे तीन वर्ग केले ते याच जाणिवेतून. पहिल्याच चाचणीत सुटणारे साधे. तीन चाचण्यांपर्यंत किंवा पहिल्या चाचणीपासून सात दिवसांपर्यंत लागणारे अवघड. त्याहून अधिक लागणारे प्रदीर्घ. मात्र हे वर्गीकरणही परीक्षेनंतरच करता येते. रुग्ण कोणत्या वर्गात बसतो हे पहिल्या चाचणीपूर्वी सांगता येत नाही. शिवाय अपयशी चाचणी निरुपयोगी नसते. श्वास का पेलवला नाही, दोष हृदयाचा की स्नायूंचा, द्रव अधिक झाला की गुंगी उरली, हा शोध तेथूनच सुरू होतो.

८. समारोप

५० देशांतील ४८१ अतिदक्षता विभागांतल्या ५,८६९ रुग्णांचा एक व्यापक निरीक्षणात्मक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ९० दिवसांच्या अखेरीस यंत्रावरून यशस्वीपणे सुटलेल्यांचे प्रमाण ६५ टक्के होते. गुंगीच्या औषधांची खोल पातळी ही पहिला प्रयत्न उशिरा होण्याशी आणि अपयशाशी निगडित असल्याचे त्यात आढळले. पहिल्या निर्देशांकानंतर तीन दशकांनीही मुख्य अडचण मोजमापाच्या अचूकतेत नसून, रुग्णाला जागे करून विचारण्याच्या तत्परतेत आहे, असा याचा अर्थ लावता येईल.

यांग आणि टोबिन यांच्या निबंधाचे मोल यामुळे उणावत नाही. त्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या थकव्याला आकडा दिला आणि त्याची प्रामाणिकपणे पडताळणी केली. दोष आहे तो आकडा हाती येताच परीक्षा टाळण्याच्या आपल्या वृत्तीचा. दुसऱ्याच्या सामर्थ्याविषयी निर्णय देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो, त्यांना आपल्या शंकेची किंमत स्वतः मोजावी लागत नाही. ती यंत्राला जोडलेला माणूस मोजत असतो, आणि तोंडात नळी असल्याने तो बोलूही शकत नाही. अशा वेळी 'हा सज्ज आहे असे मला वाटते काय?' या प्रश्नाऐवजी 'हा सज्ज नाही असे म्हणण्यास माझ्याकडे आज कोणता पुरावा आहे?' हा प्रश्न विचारणे अधिक न्याय्य होय. सिद्ध करण्याचा भार रुग्णावरून निर्णय घेणाऱ्यावर आला, तर वर चर्चिलेल्या अनेक अभ्यासांचे सार व्यवहारात उतरले असे म्हणता येईल.